आमदार आजारी, मतदार वाऱ्यावर

प्राध्यापक आजारी पडले की त्यांच्या तासाला दुसरे कोणीतरी येते. निदान फळ्यावर 'आज तास होणार नाही' एवढे तरी लिहिलेले असते. बँकेतला रोखपाल रजेवर गेला म्हणून खिडकी बंद राहत नाही. त्या खुर्चीवर दुसरा येऊन बसतो. मोटरमनला ताप आला म्हणून बोरिवलीची लोकल कारशेडमध्येच उभी राहिली, असे कोणी ऐकलेले नाही. ज्या कामावर लोक अवलंबून असतात, त्या कामाला बदली माणसाची सोय ठेवावी लागते, हा साधा व्यवहार आहे. या व्यवहाराला एक ठळक अपवाद आहे आणि तो म्हणजे आपण निवडून दिलेला लोकप्रतिनिधी. आमदार किंवा खासदार अंथरुणाला खिळला तर त्याच्या मतदारसंघाने कोणाकडे पाहायचे, याचे उत्तर राज्यघटनेत नाही, कायद्यात नाही. आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न आपण कधी नीट विचारलेलाही नाही.

तो विचारणे अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. आजारी माणसाविषयी बोलताना आपली जीभ अडखळते आणि ते योग्यच आहे. पुढे ज्यांची नावे येतील त्यांच्यापैकी कोणाच्याही निष्ठेविषयी शंका घेण्याचा येथे हेतू नाही. उलट त्यांच्यापैकी कित्येकांनी आजारपणातही कर्तव्य सोडले नाही. दोष माणसांचा नसून व्यवस्थेचा आहे, एवढेच दाखवायचे आहे.

आपल्याच उपनगरातले उदाहरण प्रथम घेऊ. अंधेरी पूर्वचे आमदार रमेश लटके यांचे ११ मे २०२२ रोजी दुबईत हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. जागा मृत्यूमुळे रिकामी झाली. म्हणजे जेथे कायदा स्पष्ट बोलतो, असे हे प्रकरण. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १५१अ नुसार रिकामी जागा सहा महिन्यांच्या आत भरावी लागते. त्याप्रमाणे ३ नोव्हेंबरला मतदान झाले, ६ नोव्हेंबरला निकाल लागला आणि श्रीमती ऋतुजा लटके निवडून आल्या. कायद्याच्या दृष्टीने सारे मुदतीत पार पडले.

परंतु त्या सहा महिन्यांत काय काय होऊन गेले? राज्यातले सरकार बदलले. ४ जुलै रोजी विधानसभेत विश्वासदर्शक ठरावावर मतदान झाले तेव्हा २८८ जागांपैकी एक जागा रिकामी होती, ती अंधेरी पूर्वची. ऑगस्टमध्ये पावसाळी अधिवेशन झाले, त्यातही अंधेरी पूर्वचा आवाज नव्हता. भरीस भर म्हणजे त्याच वर्षी ७ मार्चला मुंबई महापालिकेची मुदत संपून प्रशासक आलेले होते. पुढची पालिका निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे २०२२ च्या संपूर्ण पावसाळ्यात अंधेरी पूर्वच्या रहिवाशाला ना नगरसेवक होता, ना आमदार. एक खासदार तेवढे होते. गटार तुंबले, दरड सैल झाली, पाण्याची जोडणी अडली, तर त्याने जायचे कोठे? विभाग कार्यालयातल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि वाट पाहायची. अर्ज करणारा आणि निर्णय देणारा यांच्यामध्ये जो आपला माणूस उभा असायला हवा, तो नव्हता.

असा माणूस कशासाठी लागतो, हेही अंधेरीकरांना सांगायला नको. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी, पूर्व आणि पश्चिम जोडणारा गोखले पूल वाहतुकीस बंद झाला. जुलै २०१८ मध्ये या पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला तेव्हापासून रेल्वे आणि महापालिका या दोन दारांमध्ये हा विषय फिरत होता. एक मार्गिका खुली व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडला आणि पूर्ण पूल २०२५ मध्ये वापरात आला. दोन खात्यांच्या मध्ये अडकलेले काम सामान्य नागरिकाच्या हाताने सुटत नाही. त्याला दोन्ही दारे हक्काने ठोठावू शकणारा, सभागृहात उभा राहून मंत्र्याला विचारू शकणारा प्रतिनिधी लागतो.

मृत्यूच्या बाबतीत निदान कायद्याने घड्याळ लावून दिले आहे. आजाराच्या बाबतीत घड्याळच नाही. घटनेच्या १९१ व्या अनुच्छेदाप्रमाणे सक्षम न्यायालयाने एखाद्याला मनोविकल ठरवले तर तो आमदार राहू शकत नाही. शरीराच्या आजाराविषयी तेथे शब्द नाही. १९० व्या अनुच्छेदात आणखी एक तरतूद आहे. सभागृहाच्या परवानगीवाचून एखादा सदस्य साठ दिवस सर्व बैठकींना गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिकामी झाल्याचे जाहीर करू शकते. मात्र सत्रसमाप्तीचा काळ आणि सलग चार दिवसांहून अधिक तहकुबीचा काळ या साठ दिवसांत धरायचा नाही. आपल्या विधानसभेची अधिवेशने काही आठवड्यांचीच असतात. तेव्हा हे साठ दिवस भरायला किती काळ लागेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. शिवाय आजाऱ्याने रजेचा अर्ज केला की परवानगी मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. म्हणजे आजारी सदस्याची खुर्ची सुरक्षित आहे. त्या खुर्चीमागच्या लाखो मतदारांसाठी मात्र काहीच नाही.

घटनाकारांना आजार ठाऊकच नव्हता, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रपती गैरहजेरीमुळे, आजारामुळे किंवा अन्य कारणाने काम करू शकत नसतील तर उपराष्ट्रपतींनी ते काम पाहावे, असे ६५ वा अनुच्छेद स्पष्ट शब्दांत सांगतो. १९६१ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद आजारी असताना डॉ. राधाकृष्णन यांनी तसे काम पाहिलेही. विधानसभेचे अध्यक्ष गैरहजर असले तर उपाध्यक्ष आसनावर बसतात. म्हणजे पद जितके वरचे तितकी सोय पक्की, आणि मतदाराच्या सर्वांत जवळचे जे पद, तेथे सोयच नाही.

ही विसंगती गोव्याइतकी स्पष्टपणे क्वचितच दिसली असेल. २०१८ च्या आरंभी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना स्वादुपिंडाच्या विकाराने गाठले. ते उपचारासाठी अमेरिकेला गेले तेव्हा राज्याचा कारभार अडू नये म्हणून तीन मंत्र्यांची समिती नेमली गेली. जानेवारी २०१९ च्या अखेरीस नाकात नळी असलेल्या अवस्थेत त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जिद्दीला कोणीही नमस्कारच करील. परंतु ते पणजीचे आमदारही होते. मुख्यमंत्र्यांच्या कामासाठी समिती नेमता आली, पणजीच्या आमदाराच्या कामासाठी मात्र कोणालाही नेमता आले नाही. त्याच मंत्रिमंडळातले पांडुरंग मडकईकर यांना जून २०१८ मध्ये मेंदूचा झटका आला आणि फ्रान्सिस डिसोझा हेही गंभीर आजारी होते. सप्टेंबर २०१८ मध्ये दोघांनाही प्रकृतीच्या कारणाने मंत्रिमंडळातून वगळून त्यांच्या जागी दुसरे मंत्री घेतले गेले. आमदारकी अर्थातच दोघांचीही राहिली. खात्याला मंत्री हवा म्हणून लगेच माणूस मिळाला. मतदारसंघाला आमदार हवा, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. चाळीस सदस्यांच्या सभागृहात एकाच वेळी तिघे इतके आजारी असणे, ही त्या छोट्या राज्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

आता आपल्या राज्याकडे वळू. २०२२ च्या जून महिन्यात राज्यसभेची आणि विधान परिषदेची निवडणूक दहा दिवसांच्या अंतराने झाली. एकेक मत मोलाचे होते. पुण्याच्या कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक आणि चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप हे दोघेही दुर्धर आजाराशी झुंजत होते. दोघांनाही रुग्णवाहिकेतून मुंबईला विधान भवनात आणले गेले आणि त्यांनी मतदान केले. त्यांच्या निष्ठेचे सर्वत्र कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. पुढे २२ डिसेंबर २०२२ रोजी श्रीमती टिळक आणि ३ जानेवारी २०२३ रोजी श्री. जगताप निवर्तले.

या प्रसंगाकडे पाहताना एक गोष्ट मनाला लागते. मत हवे होते तेव्हा पक्षाला रस्ता सापडला. डॉक्टर, प्राणवायू, रुग्णवाहिका, द्रुतगती मार्ग, सारे काही वेळेवर जुळून आले. परंतु कसब्यातल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या भाडेकरूला जेव्हा आमदार हवा होता, तेव्हा त्याच्यासाठी अशी धावपळ करण्याची जबाबदारी कोणावर होती? रुग्णवाहिका मतासाठी निघाली, मतदारासाठी निघाली नाही. हे कोणा एका पक्षाविषयी नाही. संख्याबळाची तशीच निकड असती तर कोणत्याही पक्षाने हेच केले असते.

याच्या अगदी उलट घडलेला एक प्रसंग ब्रिटनच्या संसदेत सांगतात. २८ मार्च १९७९ रोजी पंतप्रधान कॅलाहन यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. बॅटली आणि मॉर्लीचे सदस्य सर आल्फ्रेड ब्रॉटन मरणासन्न होते. रुग्णवाहिकेतून संसदेच्या आवारात आणले असते तरी तेथील रिवाजाप्रमाणे त्यांचे मत धरले गेले असते. पण वाटेतच त्यांचे काही होईल या भीतीने कॅलाहन यांनी त्यांना आणू दिले नाही. सरकार ३१० विरुद्ध ३११ अशा एका मताने पडले आणि ब्रॉटन काही दिवसांतच वारले. कॅलाहन यांच्या माणुसकीची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते आणि आपणही तिला दाद देऊ. तरीही लक्षात घ्या, तेथेही चर्चा झाली ती मताची. बॅटलीच्या मतदारांचे काम त्या काळात कोण पाहत होते, हे त्या गोष्टीत कोणी सांगत नाही. लोकप्रतिनिधी म्हणजे सभागृहातले एक मत, हीच समजूत सगळीकडे घर करून बसली आहे.

काम अगदीच थांबते असे मात्र नाही. जनसंपर्क कार्यालय उघडे असते. साहेबांचे पीए असतात, घरचे कोणी असते, एखादा जुना कार्यकर्ता असतो. रुग्णालयात खाट मिळवून देण्यासाठी फोन होतो, निराधार योजनेच्या अर्जासोबत शिफारसपत्र जाते, गणपतीच्या मंडळाला भेटही दिली जाते. ही माणसे पुष्कळदा मनापासून राबतात. पण त्यांना कोणी निवडून दिलेले नसते. त्यांनी शपथ घेतलेली नसते. त्यांनी कोणाला होकार दिला आणि कोणाला दारातून परत पाठवले, याचा जाब विचारायला जागा नसते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा ही आमदाराची खरी हत्यारे त्यांच्या हातात येऊच शकत नाहीत. आणि निधीचे काय? २०२२ च्या अर्थसंकल्पात आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये झाला. कोणते काम घ्यायचे याची शिफारस आमदाराने करायची असते. आमदार शुद्धीवर नसेल, तर शिफारस कोणाची? नाव एकाचे आणि निर्णय दुसऱ्याचा, अशी पडद्याआडची कारभारपद्धती लोकशाहीला शोभत नाही. मग ती कितीही सद्भावनेने चाललेली असो.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आजारी माणसाला पदावरून दूर करण्याची वाट एकदा मोकळी केली की तिचा दुरुपयोग होईल. विरोधकाला 'अकार्यक्षम' ठरवून घरी बसवले जाईल. हा आक्षेप वजनदार आहे. अपंगत्व म्हणजे असमर्थता नव्हे, हे तर ठासून सांगितले पाहिजे. १९५३ मध्ये कलकत्त्यातून निवडून आलेले साधन गुप्त अंध होते. जयपाल रेड्डी कुबड्यांवर चालत आणि तरीही १९९८ चा उत्कृष्ट संसदपटूचा मान त्यांना मिळाला. कोण काम करू शकतो हे वैद्यकीय दाखल्यावरून परक्याने ठरवू लागणे धोक्याचे आहे. म्हणूनच पदावरून काढा, अशी मागणी येथे नाही.

दुसरा आक्षेप असा की, मतदारांनी त्या व्यक्तीला निवडले आहे. तिच्या जागी दुसऱ्याला कसे बसवायचे? त्याचे उत्तर देशोदेशी वेगवेगळे आहे. अमेरिकेत १९८० मध्ये मेरीलँडच्या ग्लॅडिस स्पेलमन निवडणुकीच्या तोंडावर बेशुद्ध झाल्या, त्याच अवस्थेत निवडून आल्या आणि शुद्धीवर येण्याची आशा राहिली नाही तेव्हा फेब्रुवारी १९८१ मध्ये सभागृहाने त्यांची जागा रिकामी झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडे केंद्रीय मंत्री प्रियरंजन दासमुन्शी ऑक्टोबर २००८ मध्ये कोसळले ते २०१७ मध्ये निधन होईपर्यंत पूर्ववत झाले नाहीत. पण मे २००९ पर्यंत, म्हणजे लोकसभेची मुदत संपेपर्यंत, रायगंजचे खासदार तेच होते. स्वीडनमध्ये सदस्य महिनाभर किंवा अधिक रजेवर गेला तर त्याच्या यादीतला बदली सदस्य बसतो आणि रजा संपली की मूळ सदस्य परत येतो. तेथे लोक पक्षाच्या यादीला मत देतात म्हणून हे जमते. आपण व्यक्तीला मत देतो, तेव्हा ती पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. ब्रिटनने अलीकडे आजारी सदस्याला दुसऱ्यामार्फत मत नोंदवण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे रुग्णवाहिकेची पाळी टळेल हे खरे, पण त्याने पक्षाची अडचण सुटते, मतदाराची नाही.

मग करावे काय? माझ्या मते मोठी घटनादुरुस्ती न करताही पुष्कळ करता येईल. मत आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. मत हा निवडून आलेल्या व्यक्तीचाच अधिकार. तो कोणाला देऊ नये. काम मात्र सोपवता आले पाहिजे. आमदार दीर्घ आजाराच्या रजेवर गेला की ती रजा मतदारसंघात जाहीर व्हावी. आजार कोणता, हे सांगण्याची गरज नाही. रजा केव्हापासून, एवढे पुरे. त्याच वेळी अध्यक्षांनी, शक्य असेल तर त्या आमदाराच्याच पसंतीने, शेजारच्या एका सदस्याला त्या मतदारसंघाचे प्रश्न मांडण्यास सांगावे. जोगेश्वरीच्या आमदाराने अंधेरीचा प्रश्न विचारू नये, असे कोणताच नियम म्हणत नाही. फक्त तो विचारणे त्याचे कर्तव्य आहे, असेही कोणी म्हणत नाही. ते कर्तव्य व्हावे. निधीतली कामे त्या काळात जिल्हाधिकाऱ्यांनी उघडपणे यादी लावून, लोकांच्या सूचना मागवून घ्यावीत. कार्यालयात कोण बसते आणि कोणाच्या अधिकाराने, हे दारावर लिहिलेले असावे. आमदार बरा होऊन आला की सारे पुन्हा त्याच्या हाती. यात आजाऱ्याचा मान राहतो, उपचार घेताना त्याच्या मनावर ओझे राहत नाही आणि मतदारही पोरका होत नाही.

नियम केले की प्रश्न सुटला, असेही मानू नये. पुण्याचे खासदार गिरीश बापट यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये चाकाच्या खुर्चीतून, प्राणवायूची नळी लावून कसब्याच्या पोटनिवडणुकीच्या प्रचाराला हजेरी लावली आणि २९ मार्च २०२३ रोजी ते गेले. सहा महिन्यांत जागा भरण्याचा नियम होता, लोकसभेची एक वर्षाहून अधिक मुदत शिल्लक होती, तरीही निवडणूक झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला फटकारून पोटनिवडणूक घेण्यास सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुण्यासारख्या शहराला जून २०२४ पर्यंत, म्हणजे चौदा महिने, लोकसभेत खासदार नव्हता. आणि पुणे शांत होते! एखाद्या नागरिकाने न्यायालयात जाण्यापलीकडे फारसे काही घडले नाही.

ही शांतता मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते. आपल्यापैकी बहुतेकांनी नुकतेच पहिले मत दिले आहे किंवा लवकरच देणार आहोत. बोटाला शाई लागली की आपले काम झाले असे मानण्याची सवय आपल्याला वडीलधाऱ्यांकडून मिळाली आहे. प्रतिनिधी नसला तरी आपले फारसे बिघडत नाही, असे जर आपल्याला खरोखर वाटत असेल, तर प्रतिनिधी असतानाही त्याच्याकडून आपण फारसे मागत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. आजारी आमदाराला भेटायला फुले घेऊन जरूर जावे. परंतु परतताना त्याच्या कार्यालयात, आणि विधान भवनाच्या पत्त्यावरही, एक साधे पत्र टाकावे: साहेब बरे होईपर्यंत आमचे काम कोणाकडे सोपवले आहे, ते कृपया कळवावे.

— तृतीय वर्ष कला (राज्यशास्त्र)